दीड मूठ दाणे

"मुठीत घेतलेलं अर्धं परत डब्यात टाकते हो ती. मुक्या जीवाला उपाशी ठेवणारं माणूस आम्हाला काय जीव लावणार?" — शब्दन् शब्द सांगतेय तुम्हाला, तिखटमीठ लावलेलं नाही — सासूबाईंचं वाक्य आहे, दुकानाच्या काउंटरवर शाळेतल्या बाईंचे पडदे मोजून घेता घेता त्यांना सांगत होत्या — आणि मी मागच्या दोरीवर, ओल्या चादरीच्या पलीकडे उभी, तोंडात दोन चिमटे. चिमटे नसते तरी काही बोलले नसते म्हणा. मी बोलत नाही. म्हणजे आत्ता बोलतेय — आत्ता काय झालंय ते मलाच कळत नाही, तुम्ही नुसतं "किती दिवस झाले आजारी?" एवढंच विचारलंत आणि मी थेट चादरीपर्यंत पोचले — पण एरवी नाही बोलत. लग्नात फोटो काढणारा शेवटी वैतागून म्हणाला होता, नवऱ्या मुलीला आवाज आहे ना हो? सगळे हसले. मीही हसले, आवाज न करता.

नाही नाही, बसा ना तुम्ही, मी सरकते. चावत नाही तो. चोच उघडी आहे ती चावायला नाही, काकू — काकू म्हटलं तर चालेल ना? — ती श्वासासाठी. बंद चोचीने आता पुरत नाही त्याला. तुमची मांजर बघतेय का? बघू दे की, जाळीतून बघण्याने कुणाचं काय जातंय. त्याला आता मांजरीची भीती उरलेली नाही. पूर्वी होती — एकदा दाराशी मांजर आली तर साबणाच्या पोत्यावर चढून बसला होता, आणि उतरता येईना म्हणून तिथूनच आम्हाला शिव्या देत होता. हो, कोंबडाच आहे. एवढा मोठा असतो का? — नसतो. तेच तर दुखणं आहे त्याचं. हात लावायचाय? लावा. तुरा गार लागेल, घाबरू नका. तो लाल होता हो. आता जांभळा दिसतोय तो दिव्यामुळे नाही.

कसा आला? पडला. खरंच, आकाशातून पडल्यासारखा पडला. आमची लॉन्ड्री आहे, खाली दुकान, मागे धुण्याची यंत्रं, वर घर. दुकानासमोर रस्ता एकदम वळतो. माझ्या लग्नाला अकरावा दिवस. कोंबड्यांचा टेम्पो आला, पिंजऱ्यावर पिंजरे रचलेला, वळणावर करकचून ब्रेक दाबला आणि एका पिंजऱ्याचं दार उघडून एक पांढरा गोळा रस्त्यावर आदळला. टेम्पो गेला. गोळा तिथेच. पळेना, ओरडेना, गठ्ठ्यातून निसटलेल्या उशीसारखा रस्त्याच्या मधोमध बसून राहिला. मी वरच्या खिडकीतून बघत होते. वाटलं, कुणीतरी जावं. आपण जावं असं का नाही वाटलं? — अकरा दिवसांची सून, जिना कुणाला सांगून उतरायचा तेच अजून कळलं नव्हतं मला. गेले ते बाबा, म्हणजे माझे सासरे. हातातली इस्त्री होती तशी ठेवून गेले — शर्टावर! तीस वर्षांत त्यांनी जाळलेला तो पहिला शर्ट. परत आले ते छातीशी हे एवढं बाळ धरून, आणि दुकानभर जळका वास. नवरा म्हणाला, "नवीन गिऱ्हाईक आलं वाटतं." सासूबाई म्हणाल्या, "मग पावती फाडा. आणि ह्याला न्यायला कुणी येणार नाही, आधीच सांगून ठेवते." मग त्यांनी वर जिन्याकडे पाहिलं, मी उभी होते तिकडे, आणि म्हणाल्या, "पंधरा दिवसांत दोन नवी माणसं. घर आहे का धर्मशाळा?" — रागाने नाही हो, त्यांची ती बोलायचीच रीत आहे, पण नाव तेच पडलं. गिऱ्हाईक. त्याचं, माझं नाही.

त्याच आठवड्यात इथे आणलं त्याला. ह्याच बाकावर बसले होते मी. नवरा बाहेर गाडी लावायला जागा शोधत राहिला, तो आत आला तेव्हा सगळं झालं होतं — म्हणजे डॉक्टर बाईंचं बोलणं फक्त मी ऐकलं. त्या काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, ह्याला जगायला तयार केलेलंच नाही. वजनाला तयार केलंय. सहा आठवड्यांत भरला पाहिजे, सातव्यात विकला गेला पाहिजे, आठव्या आठवड्याचा विचार कुणी केलेलाच नाही. अंग पुढे धावतं आणि काळीज मागे राहतं. वर ह्याची भूक — ती भागतच नाही, पोट भरलं हे ह्याला कळतच नाही, तेव्हा तुम्ही कळून घ्यायचं. सकाळी एक मूठ, संध्याकाळी अर्धी. दीड मूठ दाणे, बाकी पाला, भाजी. तो मागेल, पायात येईल, तोंडाकडे बघत बसेल — विरघळायचं नाही. माझा हात उलटा करून मूठ बघितली त्यांनी, म्हणाल्या, ठीक आहे, तुमचीच मूठ माप धरा, लहान आहे.

आता हे मी घरी सांगितलं का? सांगितलं. जेवताना सांगितलं — "जास्त द्यायचं नाही म्हणाल्या." सासूबाई तेव्हा एका मोज्याचा जोडीदार कुठे गेला ह्यावर नवऱ्याला फैलावर घेत होत्या, नवरा "हं" म्हणाला ते मला की त्यांना कळलं नाही, बाबा तर काय, जेवताना पाण्याचा पेलासुद्धा वाजू देत नाहीत. काळजाचं काही बोलले का मी? नाही. भूक भागत नाही हे? नाही. एवढंच, एकदाच, तेही भाजी वाढता वाढता. मी कुठलीही गोष्ट एकदाच सांगते. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली की वाटतं, ऐकायचं नसेल त्यांना. माझी आई म्हणायची, ह्या मुलीला आग लागली तरी ती एकदाच "धूर येतोय" म्हणेल आणि पुढे पुस्तक वाचत बसेल.

मग दर रविवारी वजन. आमच्याकडे कपड्यांचा काटा आहे ना, किलोवर धुवायला येतात ते मोजायचा, त्यावर टोपलीसकट ठेवायचा आणि टोपलीचं वजा करायचं. चिठ्ठ्या असतात कपड्यांना टाचायच्या, त्यावर मी तारीख आणि वजन लिहायची. पहिल्या महिन्यात सव्वादोनाचा अडीच झाला — बरोबर होतं, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच. मग एकदम तीन. मग पावणेचार. मला वाटलं काटा बिघडला. एक चादर ठेवून पाहिली, स्वतः उभी राहिले — काटा चोख. आणि काकू, रविवारी काय व्हायचं माहितीय? सगळे जमायचे हो काट्याभोवती! सासूबाई हात पुसत यायच्या, बाबा इस्त्री उभी करून यायचे, नवरा मोठ्याने आकडा वाचायचा आणि वाढला की म्हणायचा, "शाबास! अंग धरतोय आता!" सासूबाई खूश, बाबांच्या मिशा हलायच्या — ते हसले की तेवढंच होतं — आणि मी खाली मान घालून चिठ्ठीवर आकडा लिहीत असायची. त्या घरात एरवी चारजण एका जागी कधी उभे नसतात. एक यंत्राशी, एक काउंटरवर, एक टेबलाशी, एक दोरीशी. रविवारी दहा मिनिटं उभे राहायचे, ते ह्याच्यामुळे. तेव्हा कसं म्हणायचं सांगा, अहो हसू नका, हे वाईट आहे म्हणून?

दीड मुठीवर कोंबडा पावणेचार किलोचा होत नाही, हे न कळायला मी खुळी नाही. बघायला लागले. तुऱ्यावर भाताचं शीत. आमच्याकडे कपड्यांना खळ अजून भाताची करतात, डब्यातली पावडर सासूबाईंना पटत नाही, तर सकाळी भात शिजला की आधी एक डाव ह्याला. आणि वर बोलणं — "खा मेल्या, खा. ती देत नाही तुला, दिसतं मला. माझ्यासमोर खा." मी यंत्राच्या आड. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या खिशात पावाच्या कडा. यंत्रातून कपडे काढताना खाली वाकायचा आणि कुजबुजायचा, "दोस्ता, हे आपल्या दोघांत." — तो कुजबुजायचा आवाज फक्त माझ्यासाठी आहे असं मला तोवर वाटत होतं! हसू नका. बरं, हसा. तिघांचं तीन तऱ्हेचं, तीन वेळांना, आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. तिघांनाही वाटायचं, ह्या घरात दयामाया असलेले आपण एकटेच.

तिसरे बाबा. हो, तिसरे बाबा.

त्यांचं काय झालं — थांबा, ह्याची मान कलतेय, जरा हात घालते खाली. असं. असं धरलं की श्वास लागत नाही त्याला. — बाबांचं सांगत होते. बाबा बोलत नाहीत. मी म्हणते मी बोलत नाही, पण त्यांच्यापुढे मी म्हणजे रेडिओ. लग्नाला तीन महिने झाले तोवर ते माझ्याशी एकूण किती शब्द बोलले असतील? "चहा." "असू दे." "इस्त्री गरम आहे." — झालं, संपलं. मला वाटायचं, मी आवडलेले नाही. तसं कुणी म्हणालं नव्हतं, पण न बोलणाऱ्या माणसाच्या गप्प बसण्यात आपण काय वाटेल ते ऐकू शकतो ना. मग एक दिवस दुपारी चार वाजता मी इस्त्री झालेले शर्ट दांडीवर लावत होते, ओळीने पंचवीस-तीस, आणि पलीकडून आवाज आला. पुरुषाचा, मऊ, ओळखीचा नाही. मला वाटलं गिऱ्हाईक आलं — म्हणजे खरं गिऱ्हाईक. शर्ट जरा बाजूला करून पाहिलं तर बाबा खाली बसलेले, इस्त्रीच्या टेबलाखाली, आणि हा त्यांच्या मांडीवर. चहात बिस्कीट बुडवून, त्याला भरवत, बोलत होते. भरभरून बोलत होते हो! गुडघा आज ऐकत नाही रे. तो शर्ट जळला ना तुझ्यामुळे, त्याचा मालक काहीच बोलला नाही, बोलला असता तर बरं वाटलं असतं. बहिणीला पत्र लिहीन लिहीन म्हणालो आणि राहिलंच, आता कुठल्या पत्त्यावर लिहू? — असं. एक बिस्कीट संपलं, दुसरं काढलं. आणि मग म्हणाले —

मग म्हणाले, "सून आलीय. तुझ्यासारखीच आहे. कुठून पडली, कुठे लागलं, काही सांगत नाही. मला विचारता येत नाही रे. सुरुवात कशी करतात कुणास ठाऊक."

नाही, रडत नाहीये मी. साबणाने डोळे असेच झालेत माझे, धंद्याचं दुखणं आहे ते.

आता तुम्ही सांगा, मी काय करायला हवं होतं? — नको, सांगू नका, मला ठाऊक आहे. बाहेर यायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, बाबा, बिस्कीट नको त्याला. चार शब्द. पण ते म्हटलं असतं तर ते उठले असते, पेला उचलला असता, "असू दे" म्हणाले असते — आणि पुन्हा टेबलाखाली बसले नसते. मला माहीत आहे तशी माणसं, मीही तशीच आहे. तर मी शर्ट परत जवळ सारले. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा गेले. रोज गेले, काकू. चार वाजले की माझे हात आपोआप कोरडे व्हायचे. त्या शर्टांच्या मागे उभी राहून मी ते घर ओळखायला शिकले — सासूबाई रागावतात ते कुठल्या गोष्टीवर आणि रागावल्यासारखं करतात ते कुठल्या, नवरा लहानपणी कुणाच्या पाठीवर झोपायचा, ह्या घरात एक मुलगी व्हायची होती आणि झाली नाही — हे सगळं मला त्यांनी सांगितलं. म्हणजे ह्याला सांगितलं. बिस्किटं दोनाची तीन झाली ते मी मोजत होते. मोजत होते आणि ऐकत होते.

मग मी शहाणपणा केला. थांबवता येत नाही ना, मग आपल्याकडून कमी करू. तीन बिस्किटं म्हणजे संध्याकाळची अर्धी मूठ बंद. भाताचा डाव म्हणजे सकाळची अर्धी करू. पावाच्या कडांसाठी अजून चार दाणे कमी. मुठीत घ्यायची, अंदाज करायची, अर्धं परत डब्यात टाकायची. तर हे त्यांना दिसायचं! मी मूठ आवळली की त्यांचे हात सैल व्हायचे. मी आणखी कमी, ते आणखी जास्त. दाण्यात निदान दम होता, डॉक्टर बाईंनी दिलेली औषधाची भुकटी मी त्यातच मिसळायची — मी तेवढंच काढून घेतलं आणि भात-पाव-बिस्किटं राहू दिली. आणि हा माझ्या मागे मागे यायचा, डबा वाजला की, असा डुलत डुलत, तोंडाकडे बघत. सासूबाई बघायच्या, मी त्याला ओलांडून पुढे जातेय. म्हणजे त्या शाळेतल्या बाईंना काय खोटं सांगत होत्या? डोळ्याला दिसलं तेच सांगत होत्या.

पहिल्यांदा पायरी गेली. दुकानातून मागे जायला एक पायरी आहे, वीतभर, ती चढेना. मग तळपायाला गळू झालं, वजनाने. मी रोज धुवायची, मलम लावायची, जुन्या मऊ शर्टाची पट्टी बांधायची — लॉन्ड्रीत कुणी न्यायला न आलेले शर्ट खूप असतात. सासूबाई पट्टी बघून म्हणाल्या, "पट्टी बांधायला वेळ आहे, पोटाला घालायला नाही." मी पट्टी बांधली. मग आरवणं. आधी दणदणीत आरवायचा, पहाटेचं नाही, यंत्र सुरू झालं की — त्याला वाटायचं दुसरा कोंबडा आहे आत — ते मग अर्धंच यायला लागलं, शेवटचा तुकडा गिळल्यासारखं. मग यंत्र सुरू झालं की नुसती मान वर करायचा. मग तेही नाही. पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी दोनदा सुईने काढलं, एवढं भांडं भरून, पिवळं. गोळीचे चार तुकडे करायचे, एक सकाळी, एक संध्याकाळी, चोच हळूच उघडून मागे ठेवायचा आणि गळा खालपर्यंत चोळायचा. ते मला चांगलं जमतं. माझ्या हाताखाली तो डोळे मिटतो. उपाशी ठेवणाऱ्या हाताखाली कुणी डोळे मिटतं का, असं मी मनात सासूबाईंना विचारायची. मनात मी फार बोलते.

कालपासून उभा राहिला नाही. आज सकाळी तुरा असा झाला. दुकानात गर्दी होती, मी कुणाला न सांगता ही कपड्यांची टोपली घेतली, टॉवेल घातला आणि आले. आल्या आल्या डॉक्टर बाईंनी उभ्या उभ्या कान लावला त्याच्या छातीला — बराच वेळ लावला — आणि म्हणाल्या, आता पाणी काढून उपयोग नाही. घरी न्याल तर आतल्या आत बुडेल, दोन दिवस, कदाचित तीन, आणि सोपं नसेल ते. नाहीतर एक इंजेक्शन. झोपेल आणि मग उठणार नाही. आतल्या कुत्र्याचे टाके घालून होईपर्यंत ठरवा. मी म्हटलं, ठरलं. माझाच आवाज होता तो, मलाच नवल वाटलं. मग त्यांनी पुन्हा पोट चाचपलं आणि विचारलं, "दीड मूठच देत होतात ना?" मी मान हलवली. हो अशी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घरच्यांना बोलावून घ्या. सगळ्यांशीच बोलते."

केला फोन. नवऱ्याला एवढंच म्हटलं, इथे या. शटर ओढलंय म्हणाला. दुपारी दुकान बंद कधी केलेलं नाही हो आम्ही, यंत्रात कपडे तसेच असतील, पाण्यात. निघालेत ते. त्यांना वाटतंय औषध बदलायचंय. बाबा फोनवर मागून विचारत होते — त्यांचा आवाज फोनवर पहिल्यांदा ऐकला मी — "श्वास घेतोय ना? विचार तिला, श्वास घेतोय ना?"

आता बघा माझी गंमत. डॉक्टर बाई विचारणार, काय काय खायचा? कुणीतरी बोलणार — खोटं बोलता येत नाही त्यांच्यातल्या कुणाला, लपवता येतं फक्त — आणि बाई स्पष्ट बोलतात, त्या सांगणार की खाऊन खाऊन काळजावर आलं ह्याच्या. मी मोकळी! उपाशी ठेवत नव्हते हे सिद्ध, सासूबाईंना त्यांचं वाक्य परत. आठ महिने मनातल्या मनात ह्याच दिवसाची तालीम केलीय मी, काय बोलायचं, कसं बघायचं त्यांच्याकडे. आणि आता सकाळपासून बाबांचा हात डोळ्यांपुढे येतोय. बिस्कीट बुडवायचे ना, ते विरघळून चहात पडू नये म्हणून खाली दुसरा हात धरायचे. त्या माणसाला कुणी आणि कसं सांगायचं, की ह्याच हातांनी झालं? सासूबाईंना सांगायचं — ज्या भांड्यातला पहिला डाव दुसऱ्या कुणाला देत नाहीत, त्यांना? वाटतं, गप्पच बसावं. ती उपाशी ठेवायची, त्यानेच गेला, असं म्हणू देत. मला सवय आहे. मी सोसेन, त्यांना सोसणार नाही — आहे की नाही मोठं मन माझं?

खोटं आहे ते. मोठं मन वगैरे काही नाही, काकू. तुम्ही पुन्हा भेटायच्या नाहीत म्हणून सांगते. त्यांना तर ठाऊकच नव्हतं — मी नीट सांगितलंच कुठे होतं? ठाऊक होतं ते एकट्या मला. वजन मी लिहीत होते. तुरा मी बघत होते. आणि चार वाजता मी जाऊन उभी राहत होते, कारण मला ते ऐकायचं होतं. अजून एक दिवस, अजून एक दिवस. मला कुणी भरवत नव्हतं पण माझंही पोट भरतच नव्हतं ना. त्याच्या जिवावर मी घर ऐकत राहिले. सासूबाईंचं ते वाक्य मी एवढं जपून ठेवलं ना, शब्दन् शब्द, ते त्या चुकल्या म्हणून नाही. त्या कशात चुकल्या तेवढंच मला बघायचं होतं, म्हणजे मग बाकीचं बघावं लागत नाही.

बघितलंत, किती हलका श्वास चाललाय. असू दे रे. असू दे. आलेच सगळे.

— ते आले. काचेतून दिसतायत. पुढे बाबा आहेत, गुडघा धरून, शर्टाची बटणं एक सोडून एक लागलीत, आख्ख्या गावाचे शर्ट नीट करणारा माणूस. मागे सासूबाई, चपला वेगवेगळ्या घातल्यात वाटतं. तो गाडी लावत असेल. काकू, तुम्ही आता तुमच्या मांजरीकडे बघा. काही ऐकलं नाहीत तुम्ही, बरं का. मला विचारू नका, धीर देऊ नका, हात धरू नका, मी गप्प होईन मग. बघा तिकडे.

— आई, इकडे. आहे, श्वास आहे अजून. बसा. नाही बाबा, औषध नाही बदलायचं, ते झालं सगळं. आज त्याला झोपवायचंय, मी हो म्हटलंय. थांबा, आत जाऊ नका, आधी माझं ऐका, आत बाई विचारतील तेव्हा तुम्ही कुणी काही बोलायच्या आधी. तुम्ही त्याला द्यायचात ते सगळं मला पहिल्यापासून माहीत होतं, आई. तुमचा भात, ह्यांचा पाव. त्याला ते चालत नव्हतं, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आणि मी तुम्हाला धड सांगितलं नाही. तुमचं नाही हे. मला थांबवता आलं असतं आणि मी थांबवलं नाही — बाबा, रोज चार वाजता त्या शर्टांच्या मागे मी उभी असायची.